उत्तर कोणत्या आवृत्तीचे?

२०१२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे तीस माणसांच्या मेंदूचे एमआरआय होते. मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे आकारमान आणि त्याच्या बाहेरच्या थराची जाडी मोजायला जगभरच्या प्रयोगशाळा ‘फ्रीसर्फर’ नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. या गटाने तेच एमआरआय फ्रीसर्फरच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.०.० अशा तीन आवृत्त्यांमधून काढले. माणसे तीच, चित्रे तीच, सॉफ्टवेअरचे नावही तेच. तरी ५.०.० ने दिलेली आकारमाने आधीच्या दोन आवृत्त्यांपेक्षा सरासरी ८.८ टक्क्यांनी वेगळी निघाली. मेंदूच्या काही भागांत हा फरक जेमतेम १.३ टक्के होता, तर काही भागांत थेट ६४ टक्के. थराच्या जाडीत सरासरी २.८ टक्क्यांचा फरक पडला. एवढेच नाही, तर एका कंपनीचा संगणक सोडून दुसऱ्या कंपनीचा घेतला किंवा मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम १०.५ वरून १०.६ वर नेली, तरीही आकडे हलले. हा फरक आवृत्तीमुळे पडलेल्या फरकाच्या साधारण निम्मा होता.

आठ-नऊ टक्के म्हणजे फार नव्हे, असे कोणाला वाटेल. पण मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या आजारांच्या अभ्यासांत निरोगी माणूस आणि रुग्ण यांच्यातला जो फरक शोधला जातो, तोही बऱ्याचदा एवढाच असतो. पाहणीच्या मध्यावर कोणी सॉफ्टवेअर अद्ययावत केले आणि अर्धे रुग्ण जुन्या आवृत्तीने, अर्धे नव्या आवृत्तीने मोजले गेले, तर हाती आलेला फरक आजाराचा की आवृत्तीचा, हे सांगता येणार नाही. म्हणून त्या संशोधकांनी स्पष्ट बजावले की अभ्यास चालू असताना आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम किंवा संगणक बदलू नका. बदललाच, तर सगळे विश्लेषण पुन्हा करा.

सॉफ्टवेअरच्या नावापुढे लिहिलेल्या त्या दोन-तीन आकड्यांकडे आपण सहसा बघत नाही. मोबाइलवर ‘अपडेट’ दाबले की काम संपते. विज्ञानात मात्र हे आकडे निष्कर्षाचाच भाग असतात. ते कसे ठरतात, त्यांमागे कोणती शिस्त असते आणि ती कुठे अपुरी पडते, हे संशोधन करणाऱ्याने जाणून घ्यायला हवे. त्या संशोधनावर विसंबणाऱ्यालाही ते ठाऊक असलेले बरे.

तीन आकडे, तीन अर्थ

आज सर्वांत जास्त चालणारी पद्धत तीन आकड्यांची आहे. कोड साठवण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळाचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचे नियम लिहून काढले. ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने ते ओळखले जातात, आणि त्या नियमांची २.०.० ही आवृत्ती २०१३ सालची आहे. समजा एखाद्या सॉफ्टवेअरचा क्रमांक २.३.१ आहे. फक्त चूक दुरुस्त केली, तर शेवटचा आकडा वाढतो आणि २.३.२ होते. नवी सोय दिली पण जुने काहीही मोडले नाही, तर मधला आकडा वाढतो, शेवटचा शून्यावर येतो आणि २.४.० होते. जुन्या आवृत्तीवर लिहिलेले प्रोग्रॅम यापुढे चालतीलच याची खात्री उरली नाही, तर पहिला आकडा वाढतो आणि ३.०.० येते. म्हणजे क्रमांकावर नुसती नजर टाकून वापरणाऱ्याला कळायला हवे की नवी आवृत्ती डोळे मिटून घ्यायची, माहिती वाचून घ्यायची, की एखादा आठवडा मोकळा ठेवून घ्यायची.

या क्रमांकातले टिंब दशांशचिन्ह नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १.९ नंतर २.० येईलच असे नाही. १.१० येऊ शकते, आणि ती १.९ पेक्षा नवी असते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पायथन’ या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१० ही आवृत्ती आली, तेव्हा याचा अनुभव अनेक प्रकल्पांना आला. स्वयंचलित चाचण्यांच्या फायलींमध्ये ३.१० हा क्रमांक अवतरणचिन्हांविना लिहिला, की यंत्र तो साधी संख्या म्हणून वाची आणि शेवटचे शून्य गाळून पायथन ३.१ शोधायला लागे. ती आवृत्ती २००९ सालची.

पहिल्या जागी शून्य असेल, तर त्याचाही अर्थ असतो. नियमांनुसार ०.१ किंवा ०.९ म्हणजे बांधकाम चालू आहे, काहीही केव्हाही बदलू शकते. विज्ञानाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे बांधकाम फार लांबते. गणिती आकडेमोडीची ‘सायपाय’ ही पायथनमधली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संच, २००१ साली सुरू झाली आणि तिची १.० आवृत्ती २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आली. मधल्या सोळा वर्षांत तिच्या जोरावर असंख्य शोधनिबंध लिहिले गेले. यंत्राला शिकवण्याची ‘सायकिट-लर्न’ ही लायब्ररी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये १.० वर पोहोचली, तोवर ती विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत रुळली होती. हे प्रकल्प चालवणारे बहुतेक जण स्वयंसेवक किंवा नोकरी सांभाळून काम करणारे संशोधक असतात. १.० लिहिले की पुढे वर्षानुवर्षे जुने काही मोडायचे नाही, ही जबाबदारी येते. ती घेण्याआधी ते कचरतात आणि त्यांचे कचरणे प्रामाणिक असते. पण वापरणाऱ्याने हे ओळखले पाहिजे की पहिले शून्य हे सॉफ्टवेअरच्या दर्जाविषयी फारसे काही सांगत नाही. उद्याची आवृत्ती आजच्यासारखीच वागेल असा शब्द दिलेला नाही, एवढेच ते सांगते.

साल, तारीख आणि पाय

सगळेच या तीन आकड्यांच्या वाटेने जात नाहीत. प्रथिनांच्या रेणूंची हालचाल संगणकावर घडवून बघणारे ‘ग्रोमॅक्स’ हे सॉफ्टवेअर आधी ४.६, ५.०, ५.१ असे चालत आले. त्यानंतरची आवृत्ती ‘ग्रोमॅक्स २०१६’ या नावाने निघाली आणि तेव्हापासून सालच क्रमांक झाले. रसायनशास्त्रातले ‘गॉसियन’ त्याहून जुने. जॉन पोपल यांच्या गटाचे ‘गॉसियन ७०’ हे १९७० सालचे. संगणकीय रसायनशास्त्रातल्या कामासाठी पोपल यांना १९९८ चे नोबेल मिळाले. आजच्या ‘गॉसियन १६’ चा हवाला देताना रसायनशास्त्रज्ञ नुसता सोळा लिहून थांबत नाहीत, ‘रिव्हिजन सी.०१’ असे पुढचे अक्षर आणि अंकही लिहितात. शोधनिबंधात पूर्ण आवृत्ती लिहिण्याची चांगली सवय ज्या थोड्या विषयांना लागली, त्यांपैकी हा एक.

नारायणगावजवळ खोडद इथे असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना तारखेची पद्धत चांगली परिचयाची असेल. रेडिओ निरीक्षणांवर प्रक्रिया करणारे ‘एप्स’ हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचे सॉफ्टवेअर. त्याच्या आवृत्त्यांना ‘३१ डिसेंबर’ आणि पुढे साल, अशी नावे असतात. सालावरून आवृत्ती किती जुनी ते लगेच कळते, हा या पद्धतीचा गुण. दोन आवृत्त्यांमध्ये जुने काही मोडले का, हे मात्र नावावरून अजिबात कळत नाही.

डोनाल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ची तऱ्हा या सगळ्यांहून निराळी. गणिताचे निबंध आणि पुस्तके जुळवण्यासाठी कनुथ यांनी १९७८ च्या सुमारास हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यांनी ठरवले की आता नवी सोय घालायची नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, आणि दर दुरुस्तीच्या वेळी क्रमांकाला पाय (π) या गणिती स्थिरांकाच्या किमतीतला पुढचा अंक जोडायचा. २०२१ पासून टेकचा क्रमांक ३.१४१५९२६५३ आहे. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक कायमचा पाय करावा आणि त्यानंतर उरलेली प्रत्येक चूक ही सॉफ्टवेअरचे वैशिष्ट्य समजावी, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. इथे क्रमांकात अंकाची भर पडते, पण त्याचे मूल्य जवळजवळ जागचे हलत नाही. आज जुळवलेले पान शंभर वर्षांनीही ओळीला ओळ तसेच जुळावे, ही त्यामागची निष्ठा आहे. एकच उत्तर कायम देत राहण्याचा इतका पक्का शब्द दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने दिल्याचे माझ्या माहितीत नाही.

प्रोग्रॅम तोच, उत्तर दुसरे

तीन आकड्यांच्या नियमांत ‘मोडणे’ म्हणजे जुना प्रोग्रॅम अडकणे. एखाद्या फंक्शनचे नाव बदलले, त्याला द्यायच्या गोष्टींचा क्रम बदलला आणि प्रोग्रॅम चूक दाखवणारा संदेश देऊन थांबला, तर ते मोडणे. हिशोबाच्या, दुकानाच्या, बँकेच्या सॉफ्टवेअरला ही व्याख्या बऱ्याच अंशी पुरते. विज्ञानाचे खरे दुखणे तिच्या बाहेर राहते. इथे प्रोग्रॅम अडकत नाही, कुठला संदेशही येत नाही. तो मुकाट चालतो आणि वेगळे उत्तर देतो.

संख्याशास्त्राची ‘आर’ ही भाषा घेऊ. तिच्यात ‘सॅम्पल’ नावाचे फंक्शन यादीतून यदृच्छेने निवड करते. यदृच्छ निवड पुन्हा तशीच करता यावी म्हणून आधी एक बीज-संख्या देतात. बीज तेच, तर निवड तीच, या भरवशावर हजारो विश्लेषणे उभी आहेत. बीज ४२ देऊन १ ते १० हे आकडे पिसायला सांगितले, तर आर ३.५ मध्ये यादी १०, ९, ३, ६, ४ अशी सुरू होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ३.६.० मध्ये त्याच दोन ओळी १, ५, १०, ८, २ अशी यादी देतात. कोडमध्ये एक अक्षर बदललेले नाही.

हा बदल उगाच केलेला नव्हता. जुन्या पद्धतीत यादी फार मोठी असली की प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता अगदी समान राहत नाही, असे ऑटोबोनी आणि स्टार्क या दोघा संशोधकांनी दाखवून दिले होते. म्हणजे दुरुस्ती योग्यच होती. आरच्या चमूने ती केलीही नीट. प्रकाशन-टिपणात कारण लिहिले, जुनी पद्धत पुन्हा चालू करण्याची सोय ठेवली, आणि ती चालू केल्यावर ‘ही निवड एकसमान नाही’ असा इशारा येईल अशी व्यवस्था केली. पण ज्याने टिपण वाचले नाही आणि आपल्या निबंधात नुसते ‘आरमध्ये विश्लेषण केले’ एवढेच लिहिले, त्याची निवड पुन्हा तशीच करून बघायला आज दुसऱ्या कोणाला बसवले, तर आवृत्ती ठाऊक नसल्याने त्याला अंदाजच बांधावा लागेल.

दुसरे उदाहरण सायकिट-लर्नचे. ‘रँडम फॉरेस्ट’ ही पद्धत अनेक निर्णय-वृक्ष उभारते आणि त्यांचे मत एकत्र करते. किती वृक्ष उभारायचे ते वापरणाऱ्याने सांगितले नाही, तर लायब्ररी आपल्या मनाने ठरवते. ०.२१ पर्यंत ती १० वृक्ष घेई, २०१९ च्या डिसेंबरमधल्या ०.२२ पासून १०० घेऊ लागली. इथेही बदल भल्यासाठीच होता, कारण दहा वृक्ष फार थोडे. आणि ०.२० पासूनच, म्हणजे वर्षभराहून अधिक आधी, लायब्ररी दर वेळी इशारा देत होती की पुढे हा आकडा बदलणार आहे. इशारा बघून ज्याने कोडमध्ये आकडा स्पष्ट लिहिला, त्याला काही झाले नाही. ज्याने इशारे बंद करून ठेवले, त्याचे निकाल एके दिवशी आपोआप बदलले.

म्हणून मला ठामपणे वाटते की विज्ञानाच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर बदलणे हाच सर्वांत मोठा बदल मानला पाहिजे. मग तो चूक-दुरुस्ती म्हणून असो, नवे गृहीत मूल्य म्हणून असो की अधिक अचूक सूत्र म्हणून असो. क्रमांकातला कोणता आकडा वाढवायचा यावर मतभेद होऊ शकतील. पण प्रकाशन-टिपणाच्या अगदी वर, पहिल्याच परिच्छेदात, ‘या आवृत्तीपासून अमुक आकडेमोडीची उत्तरे बदलतील’ असे लिहिण्यावर मतभेद नसावा.

प्रकाशनाची तयारी

चांगला प्रकल्प नवी आवृत्ती कशी काढतो, ते ‘नमपाय’च्या २.० वरून नीट दिसते. पायथनमधल्या जवळजवळ सगळ्या वैज्ञानिक लायब्रऱ्या नमपायवर उभ्या आहेत. तिची १.० आवृत्ती २००६ साली आली आणि २.० आली १६ जून २०२४ रोजी. अठरा वर्षे पहिला आकडा हलला नव्हता. हलवायचा तर नमपायवर बांधलेल्या लायब्रऱ्या नव्याने तयार कराव्या लागणार होत्या, कारण त्या यंत्रभाषेच्या पातळीवर नमपायशी जोडलेल्या असतात.

अशा वेळी आधी नवी भर घालणे थांबवतात. मग ‘बीटा’ निघते. ती उत्साही लोक वापरून बघतात आणि तक्रारी कळवतात. त्यानंतर ‘रिलीज कँडिडेट’ येतो. यात काही गंभीर सापडले नाही, तर हेच अंतिम, असा त्याचा अर्थ. नमपायने हे टप्पे काही महिने चालू ठेवले, प्रकाशनाची तारीख आधी जाहीर केली, स्थलांतराची मार्गदर्शिका लिहिली, आणि जुना कोड तपासून काय बदलावे लागेल ते दाखवणारे साधनही उपलब्ध होते. २.० वर बांधलेली लायब्ररी पहिला आकडा १ असलेल्या अलीकडच्या नमपायवरही चालेल, अशी तजवीज केली होती. त्यामुळे सगळ्या जगाला एकाच दिवशी उडी मारावी लागली नाही.

या मार्गदर्शिकेत दोन गोष्टी बारकाईने बघण्यासारख्या आहेत. पहिली, ३२ बिटांची एक दशांश संख्या आणि पायथनची साधी दशांश संख्या यांची बेरीज पूर्वी ६४ बिटांची येई, आता ३२ बिटांचीच राहते. म्हणजे जिथे साधारण सोळा अंकांपर्यंत अचूकता मिळे, तिथे आता सातच अंक मिळतील. दुसरी गोष्ट, विंडोजवर पूर्णांक पूर्वी न सांगता ३२ बिटांचा धरला जाई. तो २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला की ओसंडून ऋण होऊ शके. २.० मध्ये तो ६४ बिटांचा झाला. एका ठिकाणी अचूकता कमी झाली, दुसऱ्या ठिकाणी धोका टळला, आणि दोन्ही गोष्टी मार्गदर्शिकेत लिहून ठेवल्या आहेत.

जुनी सोय काढून टाकण्यालाही शिस्त असते. नमपायमध्ये पूर्णांकासाठी असलेले एक जुने टोपणनाव २०२१ च्या जानेवारीतल्या १.२० मध्ये ‘कालबाह्य’ ठरवले. तेव्हापासून ते वापरले की इशारा येई. प्रत्यक्षात ते काढले २०२२ च्या डिसेंबरमध्ये, १.२४ मध्ये. जवळजवळ दोन वर्षे मिळाली. तरीही १.२४ आल्यावर अनेकांचे प्रोग्रॅम बंद पडले. इशारा देणे हे बनवणाऱ्याचे काम आणि तो वाचणे हे वापरणाऱ्याचे. दुसरा भाग आपल्याकडे फार दुर्लक्षिला जातो. विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग शिकवताना चूक कशी सोडवायची ते शिकवतात, इशारा कसा वाचायचा ते शिकवत नाहीत.

चूक सापडते तेव्हा

आवृत्ती नोंदवण्याची खरी किंमत चूक सापडल्यावर कळते. मेंदूच्या क्रियांच्या प्रतिमा तपासणाऱ्या ‘एएफएनआय’ या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रोग्रॅममध्ये पंधरा वर्षे जुनी चूक असल्याचे एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांच्या २०१६ मधल्या निबंधात नमूद आहे. ती २०१५ च्या मे महिन्यात दुरुस्त झाली. या चुकीमुळे मेंदूच्या एखाद्या भागात क्रिया आहे असे खोटेच दिसण्याची शक्यता वाढत होती. आता प्रश्न असा की कोणते निबंध बाधित? ज्यांनी आवृत्ती लिहिली त्यांचे उत्तर मिनिटभरात मिळते. ज्यांनी नुसते सॉफ्टवेअरचे नाव लिहिले, त्यांच्या बाबतीत संशय कायमचा राहतो. औषधाच्या पाकिटावर बॅच नंबर असतो तो याचसाठी. एक बॅच बिघडली तर तेवढीच परत मागवता येते.

क्रमांक बरोबर असला तरी भोवतालची व्यवस्था दगा देऊ शकते. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की रसायनशास्त्रात वापरले जाणारे काही पायथन प्रोग्रॅम वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळे उत्तर देतात. मॅकच्या मॅव्हरिक्सवर आणि विंडोज १० वर उत्तर बरोबर, मॅकच्या मोजावेवर आणि उबुंटू १६ वर चुकीचे. कारण अगदी लहान होते. प्रोग्रॅम फायलींची यादी ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेई आणि ती ठरावीक क्रमाने येईल असे धरून चाले. प्रत्येक सिस्टिम तो क्रम आपापल्या पद्धतीने देते. म्हणून सॉफ्टवेअरच्या आवृत्तीबरोबर ऑपरेटिंग सिस्टिम आणि वापरलेल्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या यांचीही नोंद हवी. आर, पायथन यांसारख्या भाषांमध्ये ही यादी एका आज्ञेत मिळते. ती कॉपी करून निबंधाच्या परिशिष्टात टाकायला पाच मिनिटे पुरतात.

आवृत्तीला कायमचा पत्ता

क्रमांक लिहिला, पण ती आवृत्तीच उद्या मिळाली नाही तर? संशोधकाने नोकरी बदलली की विद्यापीठाच्या सर्व्हरवरचे त्याचे पान जाते आणि त्याबरोबर कोडही. यावर आज तीन चांगले उपाय आहेत, आणि तिन्ही मोफत आहेत.

पहिला ‘गिट’. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा हा प्रोग्रॅम लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिला. गिट प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षर-अंकांची एक ओळखखूण देतो, आणि ती काढताना कोडचा मजकूरही धरलेला असतो. कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. दुसरा ‘झेनोडो’. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने २०१३ साली तो सुरू केला. गिटहबवर आवृत्ती प्रकाशित केली की झेनोडो तिची प्रत आपल्याकडे जपून ठेवतो आणि तिला डीओआय, म्हणजे कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, देतो. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक. हवाला देताना आपण वापरलेल्या आवृत्तीचा डीओआय द्यावा, सामायिक नको. तिसरा ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये तो उभा केला, आणि जगातला खुला कोड इतिहासासकट साठवून ठेवणे हे त्याचे काम. त्याच वर्षी ‘फोर्स ११’ या गटाने सॉफ्टवेअरचा हवाला देण्याची तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतले एक तत्त्व नेमकेपणाचे आहे: नेमकी कोणती आवृत्ती वापरली, ते सांगा.

पुण्यातले एक उदाहरण

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, पृथ्वीच्या हवामानाचे एक मॉडेल तयार झाले. अमेरिकेतल्या हंगामी अंदाजाच्या एका मॉडेलवर ते बेतलेले होते, आणि त्यातला समुद्राचा भाग बदलून घेतला होता. त्याची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शतकांच्या हवामानाचा अभ्यास करायचा, तर वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडून येणारी आणि पृथ्वीवरून परत जाणारी ऊर्जा यांचा ताळेबंद जुळावा लागतो. तो जुळला नाही, तर मॉडेलमधली पृथ्वी कारण नसताना तापत किंवा थंड होत जाते. हा ताळेबंद सुधारणे हे दुसऱ्या आवृत्तीतले मोठे काम होते. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या ‘सीएमआयपी-६’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारतातून जे मॉडेल सहभागी झाले, ते हेच.

सीएमआयपी-६ ची शिस्त मला फार अनुकरणीय वाटते. जगभरच्या संस्थांनी दिलेल्या प्रत्येक फायलीच्या नावात मॉडेलचे नाव असते आणि चार आकड्यांची एक खूण असते: कितव्यांदा चालवले, सुरुवातीची स्थिती कोणती, भौतिकशास्त्राचे कोणते रूप, आणि बाहेरून दिलेल्या घटकांचा कोणता संच. साठवणुकीत त्या डेटाच्या आवृत्तीची तारीखही असते. उद्या एखाद्या फायलीत चूक आढळली आणि ती नव्याने दिली, तरी जुनी कोणती आणि नवी कोणती यात गोंधळ होत नाही. पावसाचे, उष्णतेचे, समुद्रपातळीचे अंदाज सरकारी धोरणापर्यंत पोहोचतात. त्यांच्यामागे अशी नोंद असणे ही नागरिकाच्या हिताची गोष्ट आहे.

आपण काय करावे

मोठ्या प्रकल्पांकडे माणसे असतात, चाचण्या असतात. आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत लिहिले जाणारे बहुतेक वैज्ञानिक कोड मात्र एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी लिहिलेले असते. त्यालाही हे नियम लागू होतात आणि ते पाळणे जड नाही. पहिल्या दिवसापासून गिट वापरा. निबंधासाठी ज्या कोडने आकडे काढले, त्याला ०.१.० का होईना, पण क्रमांक द्या आणि त्यानंतर त्या क्रमांकाखालचा कोड बदलू नका. बदल करायचा असेल तर नवा क्रमांक घ्या. ‘बदलांची नोंद’ नावाची एक साधी फाइल ठेवा. तिच्यात दर आवृत्तीसमोर दोन-चार ओळी लिहा, आणि उत्तर बदलणारा बदल सगळ्यांत वर लिहा. गृहीत मूल्यांवर विसंबू नका, महत्त्वाचा प्रत्येक आकडा कोडमध्ये स्वतः लिहा. एका छोट्या नमुन्यावर उत्तर काय यायला हवे, ते ठरवून ठेवा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत केले की तोच नमुना पुन्हा चालवून बघा.

मार्गदर्शक आणि परीक्षक यांनाही एक विनंती आहे. प्रबंधात ‘विश्लेषण पायथनमध्ये केले’ असे वाक्य आले, तर ते अपुरे समजा आणि परत पाठवा. रसायनाची शुद्धता आणि यंत्राचे मॉडेल लिहिले नाही तर आपण विद्यार्थ्याला विचारतो. सॉफ्टवेअरची आवृत्तीही तितक्याच आग्रहाने विचारा. मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांनीही एखाद्या मॉडेलचा आकडा देताना ते कितव्या आवृत्तीचे, हे वाचकाला सांगावे. वाचक एवढ्या माहितीने दबत नाही, उलट त्याला तपासायला धागा मिळतो.

तुमच्या संगणकावर आत्ता जे विश्लेषण चालू आहे, त्यात वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती आजच लिहून ठेवा. पुढच्या अपडेटनंतर ती आठवून सांगता येणार नाही.